राजीखुशीची सोडचिठ्ठी : आत्याचा कागद आणि दोनशे वर्षांचा कायदा

आजची पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरात, भावकीत, ओळखीत एखादं लग्न मोडकळीला आलंय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका पोराचा फोन आला. लग्नाला तीन वर्षं झालीत, त्यातलं दीड वर्ष दोघं वेगळे. भांडण-मारामारी काही नाही, जमलं नाही एवढंच. दोन्हीकडची माणसं समजूतदार. म्हणाला, "दादा, दोघं राजी आहेत. स्टँपवर लिहून घेतो, नोटरी करतो, विषय संपला. पुढच्या महिन्यात दुसरीकडं पाहुणे बघायला जायचंय."

म्हटलं, बाबा थांब. आपल्या सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायचा तर लोक त्याचे दात बघतात, भोवरे मोजतात, पळवून बघतात आणि व्यवहार झाला की पावती फाडल्याशिवाय घोडा हलवत नाहीत. आणि दोन माणसांचा जन्माचा निकाल तू टपरीवरच्या टायपिंगवर लावतोस?

त्याला फोनवर जे सांगितलं ते अर्धवटच राहिलं. ते इथं नीट लिहितो. सुरुवात आमच्या घरापासूनच करतो.

पत्र्याच्या पेटीतला कागद

वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. सातबारे, सोसायटीच्या पावत्या, आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला १९७१ सालचा स्टँपपेपर. माझ्या आत्याची सोडचिठ्ठी. मजकूर जेमतेम पाच ओळींचा. उभयतांनी राजीखुशीने फारकत घेतली, आजपासून एकमेकांवर कसलाही हक्क राहिला नाही, दोघं दुसरं लग्न करायला मोकळे. खाली पाच पंचांच्या सह्या, नवऱ्याची सही, आणि कोपऱ्यात आत्याचा अंगठा.

त्या कागदावर आत्यानं तीन वर्षांनी पाट लावला. दुसरे मामा सरकारी नोकरीत, भला माणूस. संसार चांगला झाला, दोन मुलं झाली. १९९८ साली मामा गेले. आपला नंदुरबार जिल्हा झाला तेच वर्ष. आत्या कुटुंब निवृत्तीवेतनासाठी कचेरीत गेली. तिथं विचारलं, "पहिल्या नवऱ्यापासूनच्या घटस्फोटाचा हुकूमनामा कुठंय?"

आत्या म्हणाली, "मना जोडे कागद शे ना, मंग आखो काय पाहिजे?"

कागद होता, पण तो पंचांचा होता, कोर्टाचा नव्हता. कचेरीचं म्हणणं असं की घटस्फोट झालाच नसेल तर दुसरं लग्नही लग्न नाही, मग पेन्शन कसली? पुढची पाच वर्षं कोर्टात गेली. आमच्या समाजात अशी फारकत पूर्वापार चालत आली आहे, हे सिद्ध करावं लागलं. पाच पंचांतले तीन वारलेले. उरलेल्या दोघांना म्हातारपणी, धरून धरून, साक्षीला न्यावं लागलं. शेवटी निकाल आमच्या बाजूनं लागला. पण त्या पाच वर्षांत आत्याच्या पोरांना काय काय ऐकावं लागलं ते मी इथं लिहीत नाही.

निकाल लागल्यावर एकदा मी तिला विचारलं होतं, "आत्या, कागदावर राजीखुशीनं लिहिलंय. तू राजी होतीस ना?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माले कोनीच इचारं नही. आंगठा दे म्हने."

हे वाक्य डोक्यात ठेवून पुढचं वाचा. दोनशे वर्षांचा सगळा इतिहास याच दोन प्रश्नांभोवती फिरतो : बाईला विचारलं का, आणि विचारलं याचा पुरावा कुठंय?

काडीमोड आपलीच होती

लोकांना वाटतं घटस्फोट ही इंग्रजांनी किंवा सिनेमावाल्यांनी आणलेली गोष्ट. तसं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नवरा-बायको दोघांनाही एकमेकांचा तिटकारा आला असेल तर सुटका आहे, एकट्याच्या मनानं नाही, असा नियम सापडतो. मात्र जी लग्नं 'धर्म्य' मानली त्यांना ही सुटका नाही, असंही तिथंच म्हटलंय. म्हणजे तेव्हापासून दोन रांगा. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत लग्न जन्माची गाठ, सुटका नाही. शेतकरी, कारागीर, कष्टकरी जातींत मात्र काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी आणि पुन्हा पाट. पंचांसमोर काडी मोडायची, संबंध तुटला. शब्दच तिथून आला.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश कंपनी सरकारकडं आला. सरकारला प्रश्न पडला, या लोकांचे खटले कुठल्या कायद्यानं चालवायचे? १८२७ साली दोन गोष्टी घडल्या. मुंबई इलाख्याचे रेग्युलेशन आले. त्यात लिहिलं होतं की सरकारचा लेखी कायदा नसेल तिथं आधी त्या मुलखाची वहिवाट बघायची. आणि त्याच वर्षी आर्थर स्टील या अधिकाऱ्यानं दख्खनमधल्या जातींचे रीतिरिवाज गोळा करून केलेलं पुस्तक छापून आलं. लग्न, पाट, फारकत, सगळं त्यात नोंदवलेलं. म्हणजे कागदावर तरी आपली काडीमोड सरकारला मान्य होती.

मग माशी शिंकली कुठं?

१८६० साली भारतीय दंड संहिता आली. तिच्या कलम ४९४ प्रमाणे नवरा किंवा बायको जिवंत असताना दुसरं लग्न करणं, आणि ते लग्न त्या कारणानं रद्दबातल ठरणं, हा गुन्हा. दिसायला दोघांना सारखा. पण हिंदू पुरुषाला कितीही बायका करायची मोकळीक होती, त्यामुळं त्याचं दुसरं लग्न रद्द ठरतच नव्हतं. गुन्हा लागू व्हायचा फक्त बाईला.

पंचांनी सोडचिठ्ठी दिली म्हणून बाईनं पाट लावला, आणि पहिल्या नवऱ्यानं फिर्याद केली, की बाई आरोपी. १८७६ मध्ये मुंबई हायकोर्टानं एका खटल्यात स्पष्ट केलं की लग्न रद्द ठरवायचा किंवा नवरा जिवंत असताना बाईला पुन्हा लग्नाची परवानगी द्यायचा अधिकार जातीला नाही. नवऱ्याची संमती नसताना पंचांनी परस्पर दिलेली मोकळीक कोर्टानं मानली नाही. दोघांच्या मर्जीनं आणि जातीच्या पक्क्या वहिवाटीनं झालेली फारकत मात्र कोर्टं मान्य करत राहिली. पण वहिवाट आहे हे दाखवायची जबाबदारी जो सांगतो त्याची. आमच्या आत्यावर सव्वाशे वर्षांनी तीच जबाबदारी आली.

ज्या घरांत काडीमोडीची मोकळीक चालत नव्हती तिथं काय व्हायचं, ते रखमाबाईंच्या खटल्यात साऱ्या जगानं पाहिलं. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नांदायला जायला नकार. नवऱ्यानं, दादाजी भिकाजींनी, १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला. अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद चालेल. शेवटी १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दादाजींना दोन हजार रुपये मिळाले आणि त्यांनी हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली.

आता बघा, दोघांचं जमलं नाही, पैशाची बोलणी झाली, दोघं आपापल्या वाटेनं गेले. आजच्या भाषेत हा परस्पर संमतीचाच मामला. पण त्यांना घटस्फोट देणारा कायदाच नव्हता. दादाजींनी दुसरं लग्न केलं, त्यांना मुभा होती. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत-राजकोटला आयुष्यभर बायकांवर उपचार केले, पण कोर्टातून घटस्फोट त्यांना मिळाला नाही. १९५५ च्या सप्टेंबरात त्या वारल्या. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी १८ मेला लागू झाला होता. चार महिने आधी.

नवापूरच्या पलीकडचा कायदा

हा भाग आपल्या जिल्ह्याच्या लोकांना मुद्दाम सांगण्यासारखा आहे. नवापूरच्या पलीकडं सोनगड, व्यारा हा तेव्हा बडोदे संस्थानचा मुलूख. सयाजीराव गायकवाडांनी १९३१ साली बडोद्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याच्याही आधी या विषयाला हात घातला होता. आणि गोव्यात पोर्तुगीज प्रजासत्ताकानं १९१० सालीच घटस्फोटाचा कायदा केला. त्यात दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्यायची तरतूदही होती. म्हणजे दिल्लीला जे सुचायला आणखी सहासष्ट वर्षं लागली ते पणजीत आधीच लिहिलेलं होतं.

आपण मात्र ब्रिटिश मुलखात, पश्चिम खानदेश जिल्ह्यात. सीमेच्या पलीकडच्या बाईला संस्थानच्या कोर्टाचा दरवाजा होता, अलीकडच्या बाईला पंच किंवा विहीर.

मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं सरकार आल्यावर चित्र बदललं. १९४६ मध्ये हिंदूंमधलं दुसरं लग्न बंद करणारा कायदा आला, आणि १९४७ मध्ये मुंबईचा हिंदू घटस्फोट कायदा. सारंगखेडा मुंबई प्रांतात होतं, त्यामुळं देशातल्या बऱ्याच भागाच्या आधी, १९५५ ची वाट न बघता, आपल्या गावच्या माणसाला कोर्टातून घटस्फोट मागायचा हक्क मिळाला. पण त्यासाठी दुसऱ्याचा दोष दाखवावा लागायचा. आम्ही दोघं राजी आहोत, एवढं म्हणून भागत नव्हतं.

राजी असणं हाच अडथळा

पुढचं तुम्हाला माहीत आहे. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणलं, ते अडवलं गेलं, आणि २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. बिलाचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये चार कायदे झाले, त्यातला पहिला हिंदू विवाह कायदा.

त्यात घटस्फोट आला, पण संमतीचा नाही. उलट एक गंमत होती, आणि आहे. कोर्टाला घटस्फोट देण्याआधी खात्री करावी लागते की नवरा-बायकोनं आतून संगनमत करून अर्ज केलेला नाही. तेव्हा दोघं राजी आहेत असं कोर्टाला कळलं तर अर्ज फेटाळला जायचा! मग शहाणी माणसं काय करायची? एकानं दुसऱ्यावर खोटे आरोप करायचे आणि दुसऱ्यानं गप्प बसायचं. बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून मोकळीक मिळवायची. छळ आणि टाकून देणं ही कारणंसुद्धा १९७६ पर्यंत थेट घटस्फोटाची नव्हती, आधी फक्त न्यायिक विभक्तता मिळायची.

१९७१ साली माझ्या आजोबांनी पंच का बसवले, ते हे वाचल्यावर मला कळलं. कोर्टात जाऊन पोरीबद्दल खोटं बोलण्यापेक्षा पंचांचा कागद त्यांना इज्जतीचा वाटला असणार. आणि कायद्यानं ती वाट बंदही केली नव्हती. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये आजही लिहिलंय की वहिवाटीनं मिळणारा घटस्फोट या कायद्यानं जात नाही. फक्त वहिवाट सिद्ध करा.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यात, म्हणजे नोंदणी पद्धतीनं लग्न करणाऱ्यांसाठी, संमतीचा घटस्फोट पहिल्यापासून होता. बाकीच्या हिंदूंसाठी तो आणा, अशी शिफारस विधी आयोगानं १९७४ च्या ५९ व्या अहवालात केली. आयोगाचे अध्यक्ष होते आपले सातारचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर. आणि २७ मे १९७६ पासून, ऐन आणीबाणीत, कलम १३-ब लागू झालं. परस्पर संमतीनं घटस्फोट. आत्याच्या अंगठ्यानंतर पाच वर्षांनी.

आता हे चालतं कसं

फोनवाल्या पोरासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी, सरळ भाषेत.

पहिली अट, लग्नाला एक वर्ष झालेलं असावं. दुसरी, दोघं एक वर्ष किंवा जास्त वेगळे राहत असावेत. वेगळे म्हणजे वेगळ्या गावातच असं नाही. नवरा-बायको म्हणून राहत नव्हते, एवढं पुरे. एका छपराखाली राहूनही माणसं वेगळी असू शकतात, हे सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये सांगितलंय. तिसरी, आता एकत्र राहणं शक्य नाही आणि लग्न संपवायचं हे दोघांनी मिळून ठरवलेलं असावं.

अर्ज दोघांचा मिळून एकच. जिथं लग्न लागलं, जिथं दोघं शेवटचे एकत्र राहिले, किंवा बाई सध्या जिथं राहते, त्या हद्दीतल्या कोर्टात. कौटुंबिक न्यायालय असेल तिथं ते, नसेल तिथं दिवाणी कोर्ट. सोबत लग्नाचा पुरावा लागतो, म्हणजे नोंदणी दाखला, नसेल तर पत्रिका आणि फोटो. राहण्याचा पुरावा, फोटो, दोघांची शपथपत्रं.

खरं काम अर्जाच्या आधीचं आहे, ते म्हणजे अटी ठरवणं. पोटगी एकरकमी की महिन्याला? किती, आणि कोणत्या तारखेला कशी देणार? बाईचं सोनं, भांडी, सामान, म्हणजे तिचं स्त्रीधन, परत गेलं का? मुलं कोणाकडं, दुसऱ्यानं कधी भेटायचं, शाळेचा खर्च कोणाचा? एकमेकांवर टाकलेल्या केसेसचं काय? हे सगळं अर्जातच लिहायचं. "नंतर बघू" असं लिहू नका, नंतर कोणी बघत नाही. एक लक्षात ठेवा, मुलांचा पोटगीचा हक्क मुलांचा आहे, आईनं सही करून तो सोडता येत नाही. आणि ४९८-अ ची फिर्याद झाली असेल तर घरात तडजोड झाली म्हणून ती आपोआप मिटत नाही. ती रद्द करून घ्यायला आपल्या जिल्ह्याला औरंगाबाद खंडपीठात जावं लागतं.

अर्ज दाखल झाला की दोघांचे जबाब होतात. मग कायद्यानं सहा महिने थांबायचं. या काळात समेट होतो का, हेही कोर्ट बघतं. सहा महिन्यांनंतर आणि अर्जापासून अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टापुढं येऊन सांगायचं की आमचं म्हणणं कायम आहे. न्यायाधीश दोघांना विचारतात, संमती खरी आहे याची खात्री करतात, आणि मग हुकूमनामा होतो. त्या तारखेपासून लग्न संपलं.

या मधल्या काळात दोघांपैकी कोणीही मन बदलू शकतं. पहिल्या दिवशी सही केली म्हणून शेवटी बांधील, असं नाही. संमती हुकूमनाम्यापर्यंत टिकायला हवी, हेही १९९१ च्याच निकालात आहे. सुरेष्टा देवी खटला म्हणून तो ओळखला जातो. एकानं माघार घेतली तर हा अर्ज बारगळतो, आणि मग कारण दाखवून लढायचा रस्ता उरतो.

सहा महिने सगळ्यांनाच थांबावं लागतं का? नाही. १२ सप्टेंबर २०१७ ला अमरदीप सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ही मुदत कोर्ट माफ करू शकतं. अटी अशा : वेगळं राहण्याचं एक वर्ष आणि वरचे सहा महिने, असा दीड वर्षाचा काळ पहिल्या अर्जाआधीच होऊन गेलेला असावा, समेटाचे प्रयत्न हरलेले असावेत, पोटगी-मुलं वगैरे सगळं खरंच मिटलेलं असावं, आणि आणखी थांबण्यानं फक्त त्रासच वाढणार असावा. अर्ज केल्यावर आठवड्याभरानं माफीची विनंती करता येते. फोनवाल्या पोराचं दीड वर्ष वेगळं राहणं नेमकं इथं कामाला येतं. तो स्टँपवर जेवढे दिवस घालवणार होता त्याहून थोडे जास्त, पण कायम टिकणारं काम.

२०२३ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की पूर्णपणे मोडलेल्या लग्नात ते स्वतःच्या खास अधिकारात थेट घटस्फोट देऊ शकतात. बातम्यांत ते फार गाजलं. पण तो अधिकार फक्त सुप्रीम कोर्टाचा. आपल्या तालुक्याच्या कोर्टात तो चालत नाही, कोणी सांगितलं तर भुलू नका.

पैसे नाहीत म्हणून स्टँपवर काम भागवणारेही खूप आहेत. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीत अर्ज करायचा, किंवा १५१०० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करायचा. १९८७ चा कायदा आहे, उपकार नाहीत.

मुस्लिम बांधवांमध्ये दोघांच्या मर्जीनं होणारी मुबारात पूर्वापार आहे. पारशांच्या कायद्यात संमतीचा घटस्फोट १९८८ ला आला, ख्रिश्चनांच्या २००१ ला. म्हणजे या देशात जवळजवळ प्रत्येक समाजाला शेवटी त्याच जागी यावं लागलं.

आणि आपला जिल्हा

२०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १०० मागे ६९ च्या आसपास होती. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २ मध्ये लिहिलंय की केंद्र सरकारनं वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे वर मी जे पायरीपायरीनं सांगितलं ते आपल्या भिल, पावरा, कोकणा, मावची बांधवांना जसंच्या तसं लागू नाही. त्यांची लग्नं आणि फारकती त्यांच्या रीतीनं. पंच बसतात, मुलीकडच्यांना दिलेल्या देजाचा हिशोब होतो, दोघं मोकळे होतात. अनेक बाबतीत ती रीत बाईला जास्त मोकळी आहे, पुन्हा संसार मांडायला कोणी नाक मुरडत नाही.

पण पेच तिथंही तोच. नोकरी, पेन्शन, घरकुल, विमा, वारस नोंद, सगळीकडं कागद विचारतात. आणि २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं संथाळ समाजातल्या एका खटल्यात सांगितलंय की रूढी आहे म्हणणाऱ्यानं ती मांडून, सिद्ध करून दाखवली पाहिजे. २००२ मध्ये यमनाजी जाधव खटल्यात तेच बिगर आदिवासींबद्दल : वहिवाटीची सोडचिठ्ठी हा अपवाद आहे, तो पुराव्यानं सिद्ध व्हावा लागतो. म्हणून आपल्या आदिवासी भावांना सांगणं एवढंच की पंचांची बैठक झाली तर ती नीट लिहून ठेवा. तारीख, साक्षीदार, देजाचा हिशोब, दोघांचे स्वतःचे शब्द. आणि पुढं नोकरी-जमिनीचा प्रश्न असेल तर घटस्फोट झाल्याचं दिवाणी कोर्टातून जाहीर करून घ्या.

पंचांबद्दल माझं मन कडू नाही. गावात समेट घडवणारी चार वडीलधारी माणसं पाहिजेतच. पण निकाल नाही ऐकला म्हणून वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात आता गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा २०१७ पासून लागू आहे.

पोराला शेवटी काय सांगितलं

म्हटलं, तुमच्या दोघांवर वहिवाटीची भानगड नाही, तुम्ही हिंदू विवाह कायद्याखाली लग्न केलंय आणि तुझ्या समाजात आज कोणी काडीमोड करत नाही. नोटरीचा शिक्का तुझं लग्न मोडू शकत नाही. नोटरी फक्त सांगतो की सही तुझी आहे. त्या कागदावर तू दुसरं लग्न केलंस तर नव्या न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि जिला तू घरात आणशील ती कायद्यानं तुझी बायकोच नसेल. तिच्या पोरांना पंचवीस वर्षांनी कोणीतरी कचेरीत विचारेल, हुकूमनामा कुठंय?

तो म्हणाला, "पण दादा, दोघं राजी असताना कोर्टानं मधे कशाला यायचं?"

प्रश्न बरोबर आहे. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. कोर्टाच्या तारखा, हेलपाटे, वकिलांची फी, हे सगळं खरं आहे, आणि ते कमी व्हायलाच पाहिजे. पण आत्याच्या कागदावरही राजीखुशीच लिहिलं होतं. पाच शहाण्या माणसांनी सह्या केल्या होत्या. माझे आजोबाही तिथं बसलेले होते, आणि त्यांचा पोरीवर फार जीव होता. तरी त्या बैठकीत एकानंही वळून तिला विचारलं नाही, बाई, तुझं काय म्हणणं आहे?

कलम १३-ब मध्ये ते विचारणं सक्तीचं आहे. एकदा नाही, दोनदा. मध्ये विचार करायला वेळ देऊन. बाई कोर्टात उभी राहते, न्यायाधीश तिच्याकडं बघून विचारतात, आणि तिचं उत्तर लिहून घेतलं जातं. तिनं नाही म्हटलं तर गाडी तिथंच थांबते.

पोरानं वकील गाठलाय. मुलीनंही स्वतःचा वेगळा सल्ला घेतलाय, हे मला जास्त आवडलं. पाहुणे बघायचा कार्यक्रम पुढं ढकललाय.

ज्यांच्या घरात असा स्टँपचा कागद पेटीत पडून आहे त्यांनी तो फेकू नका, उद्या पुरावा म्हणून लागेल. पण त्यावर विसंबूनही राहू नका. पंच हयात आहेत तोवर वकिलाला दाखवून घ्या. आणि हुकूमनामा मिळाला असेल तर कोर्टाची नक्कल दोन प्रतींत काढून ठेवा, एक तिच्याकडं, एक त्याच्याकडं.

आमची आत्या गेल्या वर्षी गेली. निकालाची नक्कल आणि तो १९७१ चा कागद, दोन्ही आता माझ्याकडं आहेत. त्याच पत्र्याच्या पेटीत, शेजारी शेजारी ठेवलेत.